सुक्या गवताला झाडपाल्याची जोड

दिवाळीनंतर माळावरचं गवत पिवळं पडतं आणि होळीपर्यंत त्याची नुसती काडी उरते. शेळ्या दिवसभर हिंडून येतात, पोट भरलेलं दिसतं, तरी पाठीची हाडं वर येतात. नेमका तेव्हाच दारात व्यापारी उभा राहतो. शेळी उचलून बघतो, तोंड वाकडं करतो आणि पडेल भाव सांगतो. गटाचा हप्ता, पोरांची वह्या-पुस्तकं यांचा भार ज्या शेळीवर, तीच अशी मातीमोल जाते.

पोट भरूनही शेळी का वाळते? तिच्या मोठ्या पोटात कोट्यवधी सूक्ष्म जीव असतात. गवत खरं पचवतात ते हेच. आपण दुधाला विरजण लावतो, तसं समजा. विरजणात दम नसेल तर दही लागत नाही. या जिवांना प्रथिनं लागतात. चाऱ्याच्या कोरड्या वजनात साधारण ७ टक्के प्रथिनं नसली, तर त्यांचं काम मंदावतं. मग गवत पोटात पडून राहतं आणि शेळी पुढचं खात नाही. वाळक्या गवतात प्रथिनं ३-४ टक्केच असतात. सुबाभूळ, शेवरी, हदगा, गिरिपुष्प यांच्या पाल्यात मात्र ती २० टक्क्यांच्या आसपास असतात. म्हणून थोडा पाला दिला, तरी तेच गवत अंगी लागतं. पेंडीनेही हे साधतं, पण पेंडीला रोकड लागते.

३० किलोच्या शेळीला रोज ओला पाला किलोभर पुरे. कोरड्या वजनाने तो तिच्या चाऱ्याचा साधारण पाव हिस्सा होतो. सुबाभूळ शेळीला कितीही आवडो, तिसऱ्या हिश्शाच्या वर नको. तिच्यात मायमोसिन नावाचं द्रव्य असतं. नुसती सुबाभूळच खात राहिली तर केस गळतात, गळ्याला सूज येते. कोवळ्या शेंड्यांत आणि बियांत ते जास्त असतं. गाभण शेळीला तर जपूनच द्या.

गिरिपुष्पाच्या वासाने शेळ्या आधी तोंड फिरवतात. पाला दिवसभर सावलीत सुकवा, मग थोडा थोडा द्या. आठवडाभरात सवय होते.

लावणी पावसाच्या तोंडावर करा. गिरिपुष्पाची मनगटाएवढी जाड फांदी रोवली तरी फुटते. शेवरी बियांवर लवकर येते. सुबाभळीचं बी कठीण. उकळलेलं पाणी जरा निववून त्यात चार मिनिटं ठेवा, मग रात्रभर गार पाण्यात भिजवा. पहिलं वर्ष रोपं शेळ्यांपासून राखायचीच. पुढे कमरेएवढं खोड ठेवून छाटत राहा आणि सुबाभळीच्या शेंगा वाळू देऊ नका, नाहीतर ती शेतभर होते.

घरचे म्हणतील, बांधावरच्या झाडाची सावली पिकावर पडते. सातबारा त्यांच्या नावावर आणि शेळ्या आपल्या, तेव्हा हे बोलणं होणारच. त्यांचं अगदीच चूक नाही. पण सतत छाटलेल्या झाडाची सावली ती कितीशी? आधी एकाच बांधावर लावून दाखवा.

गिरिपुष्पाची पानं ऐन उन्हाळ्याआधी झडतात. म्हणून दसऱ्यानंतर फांद्या तोडून जुन्या लुगड्यावर सावलीत वाळवा. पानं आपोआप गळतात, ती पोत्यात भरून कोरड्या जागी ठेवा. एप्रिलमध्ये ओल्या किलोभराच्या जागी हा वाळला पाला पाव किलो द्या, बारीक केलेल्या कडब्यात कालवून.