उंबराचे फूल

क्वचित दिसणाऱ्या वस्तूस आपण ‘उंबराचे फूल’ म्हणतो. जबलपूर येथे नर्मदेच्या काठी हा वृक्ष आढळतो. हिंदीत त्यास गूलर म्हणतात. तोही फुलतो, परंतु झाकून.

खोडावर लगडलेले कच्चे उंबर कापून भिंगाखाली पाहावे. ते साधे फळ नसून आतून पोकळ असा फुलोरा आहे, व त्यात शेकडो सूक्ष्म फुले दाटलेली आहेत. गांधीलमाशीची दूरची आप्त अशी एक चिलटाएवढी मादी पराग घेऊन टोकाच्या छिद्रातून आत शिरते. ती काही फुलांत अंडी घालते, काहींत पराग सांडते आणि तेथेच मरते. पुढे तिची बिनपंखी नर-संतती वाट कोरते व सपक्ष माद्या पराग घेऊन उडून जातात.

त्यांचे आयुष्य एकदोन दिवसांचेच असते. तेवढ्यात दुसरे कच्चे उंबर न मिळाल्यास कीटकाचा वंश खुंटतो आणि कीटकावाचून उंबरास बी धरत नाही.

उंबराचा पाला गुरे खातात, पिकली फळे पक्षी, वटवाघळे व माणसेही खातात. म्हणून एक वृक्ष तोडताना एवढी मोठी साखळी तुटू शकते, हे ध्यानी ठेवावे.