पत्र्याच्या पोटातला शंकू

१९८५ साली आलेल्या ‘ब्रदर्स इन आर्म्स’ या अल्बमच्या मुखपृष्ठावर एकही माणूस नाही. ढगाळ निळ्या आभाळात चकचकीत धातूची एक गिटार तिरकी तरंगते आहे, एवढेच चित्र. डायर स्ट्रेट्स या ब्रिटिश बँडच्या या अल्बमच्या दहा लाखांहून अधिक सीडी खपल्या. तोवर कुठल्याच अल्बमला ते जमले नव्हते. संगीत डिजिटल होत असताना घराघरांत पोचलेले हे वाद्य मात्र १९३७ सालचे, आणि आवाज मोठा करायला त्याला वीज लागतच नाही. नॅशनल कंपनीची ‘स्टाइल ओ’ गिटार: पितळी अंग, त्यावर निकेलचा मुलामा आणि मुलाम्यावर कोरलेली हवाई बेटांवरची माडाची झाडे. बँडचा गायक आणि गिटारवादक मार्क नॉफ्लर याने ती आपल्या मित्राकडून घेतली होती.

ती हातात घेतल्यावर आधी नजर जाते ती मधल्या गोल जाळीदार झाकणाकडे. आतली खरी करामत त्याखाली आहे. स्क्रू काढून झाकण उचलले की ॲल्युमिनियमचा एक उथळ शंकू दिसतो. व्यास साधारण साडेनऊ इंच, जाडी अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी. त्याच्या टोकावर लाकडाची बिस्किटाएवढी चकती, चकतीच्या खाचेत घोडी आणि घोडीवरून गेलेल्या सहा तारा. शंकू कशानेही चिकटवलेला नसतो. कडेच्या खाचेवर तो नुसता टेकलेला असतो आणि तारांच्या दाबानेच जागेवर राहतो. सगळ्या तारा सैल करून गिटार पालथी धरली, तर तो हातात येऊन पडेल.

असली रचना कुणाला का सुचावी? त्यासाठी १९२० च्या दशकातल्या अमेरिकेत जावे लागते. हवाईयन संगीताचे तेव्हा वेड लागले होते आणि गिटारवादक रंगमंचावर ट्रम्पेट, बँजो, ड्रमच्या गदारोळात अक्षरशः बुडून जात होते. जॉर्ज बीचम हा त्यांतलाच एक. तो लॉस एंजेलिसमध्ये वाद्ये बनवणाऱ्या जॉन डोपिएराकडे गेला आणि ग्रामोफोनसारखा कर्णा जोडलेली गिटार त्याने मागितली. ते अवजड प्रकरण काही जमले नाही. पण ग्रामोफोनच्या सुईमागची थरथरणारी पातळ चकती डोपिएराच्या डोक्यात राहिली. त्याने लेथवर ॲल्युमिनियमचा पत्रा फिरवून शंकू घडवले आणि तीन शंकू एका ‘टी’ आकाराच्या पट्टीने जोडून गिटारच्या पोटात बसवले. हीच ट्रायकोन. १९२७ मध्ये नॅशनल कंपनीने ती बाजारात आणली.

यामागचे भौतिकशास्त्र फार सुंदर आहे. तार स्वतः जवळजवळ मुकी असते. ती इतकी बारीक असते, की हवा तिला वळसा घालून निघून जाते, ढकलली जात नाही. म्हणून कंपने घोडीमार्फत एखाद्या रुंद पृष्ठभागाला द्यावी लागतात. साध्या गिटारीत हे काम लाकडी तबली करते. पण तारांचा एकूण ताण सत्तर-ऐंशी किलो वजनाइतका भरतो. तो सोसायला तबली पुरेशी जाड हवी आणि खालून पट्ट्यांचा आधारही हवा. मग ती जड होते, आणि जड वस्तू हलवायला तारेची ताकद पुरत नाही. या पेचातून वाट निघाली ती आकारामुळे. तेवढ्याच जाडीचा सपाट पत्रा तारांच्या दाबाखाली लगेच वाकेल. शंकूच्या उतारावर मात्र तोच दाब चहूबाजूंनी कडेपर्यंत वाटला जातो. त्यामुळे शंकू अगदी हलका राहूनही ताठ राहतो. त्यात ॲल्युमिनियमची घनता पितळेच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी. तार थोडी हलली, तरी अख्खा शंकू तिच्याबरोबर हलतो आणि समोरची हवा ढकलतो. लाउडस्पीकरच्या कागदी शंकूचे कामही हेच असते. इथे त्याला हलवणारी वीज नसते, वादकाचे बोट असते.

पण ऊर्जा फुकट मिळत नाही. एकदा छेडलेल्या तारेत ती ठरावीकच असते. टाकी तीच, नळ मोठा बसवला: धार जोरात येईल, पण पाणी लवकर संपेल. शंकू तारेतली ऊर्जा झपाट्याने काढून घेतो, म्हणून स्वर एकदम उसळतो आणि तितक्याच वेगाने विरतो. शिवाय आपला कान साधारण २,००० ते ५,००० हर्ट्झ या पट्ट्यात सर्वांत तीक्ष्ण असतो, आणि शंकूतून त्या पट्ट्यातले उपस्वर भरपूर बाहेर पडतात. शंकूच्या या गिटारींच्या, म्हणजेच रेझोनेटर गिटारींच्या, आवाजात जी धातूची झाक जाणवते ती यामुळेच.

पुढे नॅशनलच्या भागीदारांत बिनसले. डोपिएरा आणि त्याचे भाऊ बाहेर पडले आणि त्यांनी डोब्रो ही नवी कंपनी काढली. त्यांच्या गिटारीत शंकू उलटा, वाडग्यासारखा बसतो आणि कोळ्यासारखी आठ पायांची घोडी त्याच्या काठावर टेकते. तिचा स्वर किंचित नाकातला आणि जास्त टिकणारा असतो. ब्लूग्रास संगीताने ती आपलीशी केली. एका शंकूची नॅशनल तडकफडक बोलते. ट्रायकोनमध्ये जोर तिघांत वाटला जात असल्याने स्वर रेशमी होतो आणि सावकाश ओसरतो. मला विचाराल तर या तिघींत ट्रायकोनच अव्वल.

या वाद्यांचे आयुष्य खरे तर दहा वर्षांतच संपायचे. त्याला कारणही बीचमच झाला. चुंबक आणि तारेचे वेटोळे वापरून त्याने ॲडॉल्फ रिकनबॅकरबरोबर विजेवरची गिटार बनवली. १९३२ मध्ये ती विक्रीला आली आणि १९३७ मध्ये तिचे पेटंट मंजूर झाले. नॉफ्लरची गिटार जन्मली तेही हेच वर्ष. आवाज वाढवायला आता शंकूची गरज उरली नाही, आणि महायुद्ध आल्यावर उत्पादन थांबलेच.

तरीही शंकूची गिटार टिकली, याचे श्रेय ब्लूज गाणाऱ्या कृष्णवर्णीय कलाकारांना द्यायला हवे. टॅम्पा रेड, सन हाउस, बुका व्हाइट यांनी या पत्र्यातून जे काढले, ते ऐकूनच रॉकवाल्यांची पुढची पिढी तिच्या मागे लागली. हे ब्लूज कलाकार बोटात काचेची किंवा धातूची नळी घालून ती तारेवरून घसरवत. बोटाचे मांस कंपने शोषून घेते, कठीण नळी फारच कमी शोषते. शंकूमुळे लवकर विझणारा स्वर नळीच्या साहाय्याने धरून ठेवता येतो, लांबवता येतो. वाद्याची उणीव आणि वादनाची पद्धत इथे एकमेकांना पूरक ठरली.

आयर्लंडचा रोरी गॅलाघर १९३२ ची नॅशनल ट्रायोलियन वाजवायचा. तिचे अंग पोलादी पत्र्याचे. एरिक क्लॅप्टनने १९९२ च्या ‘अनप्लग्ड’ मध्ये डोब्रो घेतली, आणि ती लाकडी अंगाची होती. आवाजाचे मुख्य उगमस्थान शंकू आहे, भोवतालचे अंग त्याला रंग देते, हे तिथे स्वच्छ ऐकू येते. नॉफ्लरने ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ या १९८० च्या गाण्यात नळी वापरलीच नाही. नुसत्या बोटांनी त्याने स्वर सुटे सुटे वेचले आहेत, आणि प्रत्येक स्वर पुढच्याला जागा करून वेळेवर बाजूला होतो. ज्या झटपट विरण्याला एरवी दोष म्हटले असते, त्यावरच त्या गाण्याचा सगळा डौल उभा आहे. त्या जागी मला दुसरी कुठलीही गिटार कल्पिता येत नाही.

जुन्या वाद्यांना एक दुखणे मात्र असते. दशकानुदशके तारांचा दाब सोसून शंकू हळूहळू खचतो. काठ जरासा वेडावाकडा झाला तरी तो खाचेवर नीट बसत नाही आणि विशिष्ट स्वरांना झणझण करतो. मग झाकण उघडून कुठे पोचा आला आहे ते शोधायचे, किंवा शंकूच बदलायचा. १९८९ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेली नॅशनल रेझोफोनिक ही कंपनी नव्या गिटारी आणि नवे शंकू बनवते. संग्राहक मूळ शंकूसाठी वाटेल ती किंमत मोजतात. वाजवणाऱ्याने मात्र खचलेला शंकू खुशाल काढून ठेवावा आणि नवा बसवावा. वाद्य वाजते राहणे महत्त्वाचे, आणि डोपिएराने शंकू न चिकटवता ठेवल्यामुळे ते काम आजही तासाभरात होते.