बुंध्यापासून बंबापर्यंत

करमाळा तालुक्यातलं जेऊर हे पुणे–सोलापूर रेल्वेमार्गावरचं गाव. या कोरड्या पट्ट्यात बाभूळ, वेडी बाभूळ, कडुनिंब ही ओळखीची झाडं. वादळात एखादं कोसळलं किंवा तारांसाठी छाटलं, की फांद्या लगेच चुलीला जातात. उरतो बुंधा. तो कुणालाच नको असतो, आणि खरं जळण तर त्यातच असतं.

अडचण पाण्याची आहे. ओल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मं पाणी असू शकतं, आणि १ किलो पाण्याची वाफ करायला सुमारे २,२६० किलोज्यूल उष्णता खर्च होते. ती बंबातल्या पाण्याला मिळत नाही. मिळतो तो धूर, आणि तो चुलीपुढच्या बाईच्या डोळ्यांत जातो. अखंड ओंडका वर्षभर पडून राहिला तरी आतून ओलाच राहतो, कारण साल ओल अडवते. म्हणून आधी तो हातभर लांबीचा कापायचा, मग फोडायचा. मधोमध घाव घालण्यापेक्षा कडेकडेने ढलप्या काढाव्यात. पाचर आणि घण असेल तर उभ्या चिरेत पाचर ठोकावी. फांदीच्या गाठी शेवटी ठेवाव्यात. रस्त्याकडेच्या झाडात पाट्यांचे खिळे रुतलेले असतात, करवत लावण्यापूर्वी ते जरूर शोधावेत.

फोडलेलं लाकूड जमिनीपासून उंच, वारा खेळेल असं रचून पावसाळ्यात वरून झाकावं.

उभं झाड तोडण्याची गोष्ट मात्र वेगळी. चिंच, आंबा, जांभूळ अशा झाडांना १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमानुसार आधी परवानगी घ्यावी लागते.