पाकातलं लिंबू आणि नंबरातला ऊस

दिवाळीत चिरोट्यांचा पाक उतरवताना जाणती बाई त्यात थोडं लिंबू पिळते. का, म्हणून विचारलं तर उत्तर ठरलेलं: पाक साखरू नये म्हणून. उत्तर अगदी बरोबर आहे. कढत पाकात आंबटपणामुळे साखरेचे काही रेणू पाण्याच्या मदतीनं फुटतात. प्रत्येकाचे दोन तुकडे होतात, एक ग्लुकोज आणि एक फ्रुक्टोज. या परक्यांच्या गर्दीत उरलेल्या साखरेला दाणा धरायला जमत नाही.

त्याच दिवसांत परभणी जिल्ह्यात नेमक्या याच फुटण्याची धास्ती सुरू झालेली असते. जायकवाडीच्या डाव्या कालव्यानं पाथरी, मानवतच्या काळ्या रानात ऊस आणला. गंगाखेड, सोनपेठचा गोदाकाठही उसाचाच. दिवाळीच्या आगेमागे गव्हाणीत पहिली मोळी पडते, फडात टोळ्या उतरतात आणि कारखान्यासमोर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते. ऊस तोडला की त्याचं घड्याळ सुरू होतं. नंबर लागेपर्यंत तो वाळतो, म्हणजे काट्यावर शेतकऱ्याचं वजन जातं. आतली साखर फुटते, म्हणजे कारखान्याचा उतारा, उसामागे हाती येणारी साखर, जातो. आणि भाव तर उताऱ्याशीच बांधलेला. 2025-26 च्या हंगामाची एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला रास्त भाव, 10.25 टक्के उताऱ्याला क्विंटलमागे 355 रुपये आहे.

रासायनिक क्रियेचा वेग मोजण्याचं शास्त्र जन्मलं ते याच साखरेवर. 1850 साली हायडेलबर्गला लुडविग विल्हेल्मी नावाच्या अभ्यासकानं साखरेच्या पाण्यात आम्ल घातलं आणि त्यातून एकाच पातळीत कंप पावणारा प्रकाश सोडला. साखरेचं द्रावण असा प्रकाश उजवीकडे वळवतं. साखर फुटली की फ्रुक्टोजच्या जोरामुळे तेच द्रावण त्याला डावीकडे वळवू लागतं. या उलटण्यावरूनच क्रियेला इन्व्हर्जन नाव पडलं. वळणाचा कोन वेळोवेळी टिपून विल्हेल्मीनं दाखवलं, की फुटण्याचा वेग त्या घडीला शिल्लक असलेल्या साखरेच्या प्रमाणात असतो. द्रावण दाट असो की पातळ, त्यातली साखर निम्मी व्हायला वेळ तेवढाच. पुढची तीसेक वर्षं या कामाची कुणी फारशी दखल घेतली नाही.

मग 1889 साली स्वीडनच्या स्वान्ते अऱ्हेनियसनं हाच ऊससाखरेचा प्रयोग हाती घेतला. त्याला पडलेला प्रश्न मोठा बोचरा होता. तापमान दहा अंशांनी वाढलं तर रेणूंचा सरासरी वेग जेमतेम दोन टक्क्यांनी वाढतो. त्यांच्या धडकाही साधारण तेवढ्याच वाढणार. साखर फुटण्याचा वेग मात्र जवळजवळ चौपट होतो. मग हा चौपटीचा जोर येतो कुठून?

गोदाकाठच्या चढावर उसानं भरलेली बैलगाडी पाहिलेल्या माणसाला उत्तर पटकन कळेल. बैलांनी पुरता जोर लावला तर गाडी वर जाते, नाहीतर निम्म्यातून मागं येते. रेणूंचंही तसंच. बहुतेक धडका वाया जातात. चढ पार करण्याइतकी ऊर्जा असलेले रेणू फार थोडे असतात, पण उष्णता वाढली की नेमकी त्यांचीच संख्या भराभर वाढते. आम्ल वेगळं काम करतं. ते दुसऱ्या वाटेनं नेतं, जिचा चढ कमी, आणि स्वतः खर्चही होत नाही. नुसत्या पाण्यात 25 अंशांना निम्मी साखर फुटायला सुमारे 440 वर्षं लागतात. लिंबाच्या चार थेंबांची किंमत यावरून करा.

उसाला तर लिंबूही लागत नाही. इन्व्हर्टेज नावाचं एन्झाइम त्याच्या पोटातच असतं. जिवंत उसात ते मापात काम करतं, तोडल्यावर मोकाट सुटतं. लिओनोर मायकेलिस आणि मॉड मेंटेन यांनी 1913 साली एन्झाइमच्या वेगाचं प्रसिद्ध समीकरण मांडलं, तेही इन्व्हर्टेज आणि साखर घेऊनच. तोडलेल्या टोकांतून जिवाणू शिरतात ते वेगळेच. म्हणून हार्वेस्टरनं केलेली आखूड टिपरं अख्ख्या उसापेक्षा लवकर बिघडतात: टोकं जास्त, शिरायला वाटा जास्त. जळालेल्या उसाची तर घाईच करावी लागते.

आता हवेचं पाहा. थंडीत परभणीचा पारा कधीकधी पाच अंशांखाली जातो, मे महिन्यात बेचाळीसच्या वर. एन्झाइमच्या कामाचा वेग दहा अंशांना चौपट होत नाही, ढोबळमानानं दुप्पट धरतात. तरी जानेवारीत दोन दिवस थांबलेली ट्रॉली आणि एप्रिलमध्ये दोन दिवस थांबलेली ट्रॉली एकसारखी नाही, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. 2021-22 ला मराठवाड्यात ऊस एवढा शिल्लक राहिला, की गाळप जूनपर्यंत रेटावं लागलं. त्या उन्हात उताऱ्याचं काय होणार?

रस काढला तरी धोका टळत नाही. उकळल्यानं एन्झाइम मरतं, पण रस मुळातच किंचित आंबट, आणि आंबट अधिक कढत म्हणजे पुन्हा आपला चिरोट्यांचा पाक. म्हणून तापवतानाच चुना घालून आंबटपणा मारतात, आणि पुढं पाक निर्वात भांड्यात आटवतात, कारण तिथं तो कमी उष्णतेला उकळतो. गुऱ्हाळातला गुळव्याही कढईत चुन्याची निवळी घालतो. शिळ्या उसाचा गूळ नीट बसत नाही, हे त्याला विल्हेल्मीवाचून ठाऊक असतं.

यंदा गव्हाणीच्या पूजेला कारखान्यावर गेलात, तर परवानगी काढून प्रयोगशाळेतही डोकावून या. तिथं रसाचा ‘पोल’, म्हणजे त्यातल्या साखरेचं माप, काढतात, तो अजूनही त्याच तत्त्वावर: नळीत रस भरायचा, त्यातून प्रकाश सोडायचा आणि तो उजवीकडे किती वळला ते वाचायचं. जमलं तर एक टिपरू ताज्या मोळीतलं न्या आणि एक चार दिवस रांगेत उभ्या राहिलेल्या ट्रॉलीतलं, आणि दोन्हींचे आकडे शेजारीशेजारी लिहून घ्या.