जळणाला हवा किती?

आमच्या लहानपणी नशिराबादेत पऱ्हाटीवर चूल पेटे. चूल धुमसू लागली की आई फुंकणी उचली. पण तव्यावर भाकरी असताना वाऱ्याने दार उघडले तर तीच आई ओरडे, "दार लोटा रे, जाळ पळतोय!" आजच्या विषयाचे निम्मे शास्त्र एवढ्यात आले. उरलेले निम्मे मी बॉयलरपुढे शिकलो आणि त्याची फी पगारातून भरली.

श्रोतेहो, आधी हिशेब पाहू. एक किलो शुद्ध कार्बन पूर्ण जळण्यास २.६७ किलो प्राणवायू लागतो. हवेत वजनाने प्राणवायू सुमारे २३ टक्के, म्हणजे हवा लागते साडेअकरा किलो. कोळसा आपण काट्यावर तोलून घेतो. त्याच्या अकरापट लागणारी ही वस्तू फुकट मिळते, म्हणून तिला कोणी तोलत नाही! ती पुरेशी मिळाली तर त्या किलोतून सुमारे ८,००० किलोकॅलरी उष्णता निघते. अपुरी पडून कार्बन मोनॉक्साइडपाशीच काम थांबले, तर जेमतेम २,४००. या वायूला ना रंग, ना वास. बंद खोलीत शेगडी ठेवून निजलेल्यांचा जीव घेतो तो हाच.

मग साडेअकरा किलो नेमकी दिली की भागले? भागत नाही. शंभर पानांच्या पंगतीला मोजून शंभरच लाडू आणले, तर कोपऱ्यातले एखादे पान रिकामे राहतेच. तसेच हवेचे. म्हणून थोडी जादा द्यावी लागते. भुसावळजवळ दीपनगरच्या वीजकेंद्रात कोळशाची पूड करून जाळतात. अशा भट्ट्यांत पूड हवेत चांगली मिसळत असल्याने साधारण १५ ते २० टक्के जादा हवा पुरते. जाळीवर फावड्याने कोळसा टाकावयाचा तर ५० टक्के, कधी त्याहूनही अधिक लागते.

याहून जास्त हवा मात्र चोर आहे. ती उन्हाळ्यात ४० अंशांवर आत येते, २०० अंशांवर धुराड्यातून बाहेर जाते. मधली ऊब कोळशाचीच.

तरुणपणी मी एका तेलगिरणीत आगवाला होतो. धुराडे काळे ओकू लागले, शेजाऱ्यांनी तक्रार केली, मला दंड झाला. मी भट्टीचे दार किलकिले ठेवू लागलो. धूर विरळ झाला. महिनाअखेर कोळसा जास्त लागला म्हणून पुन्हा दंड! काळा धूर साऱ्या गावाला दिसतो. मुंबईत त्याविरुद्ध १९१२ सालीच कायदा झाला. जादा हवा कोणालाच दिसत नाही. ती धुरातल्या प्राणवायूवरून ताडावी लागते. त्याचा टक्का २१ मधून वजा करावा आणि जी बाकी उरेल तिने त्याच टक्क्याला भागावे. साडेतीन टक्के आला तर जादा हवा एक-पंचमांश. साडेदहा आला तर दुप्पट हवा आत शिरते आहे.

पुढे एका अभियंत्याने आमच्या धुराड्यात नळी घालून पाहिले. दार घट्ट बंद असतानाही आकडा साडेदहाच्या घरात! इतकी हवा, तरी धूर काळा कसा? त्यांनी मेणबत्ती पेटवून विटांच्या बांधकामाजवळून फिरवली. मागच्या भिंतीपाशी ज्योत आत ओढली गेली. सांधे निसटले होते. जाळीखालून हवा कमी आणि फटींतून भरपूर. पण ती जाळाच्या मागे शिरणारी, जळणाच्या काय कामाची? माझ्या फावड्याचा यात काही दोष नव्हता.

सांधे लिंपायला दोन दिवस लागले. दंडाचे पैसे परत मिळायला आठ महिने गेले, तेही युनियन उभी राहिल्यावर.