सहेरीनंतरची घंटा

रमजान सुरू झाला की राज्यातल्या बऱ्याच उर्दू शाळा सकाळच्या सत्रात भरू लागतात. हेतू चांगला असतो. रोजा असलेल्या शिक्षकांना आणि मोठ्या मुलांना दुपारच्या उन्हाआधी घरी जाता यावे, दुपारच्या नमाजआधी थोडी पाठ टेकता यावी. पण मोहल्ल्यातल्या घराचे घड्याळ या महिन्यात उलटे फिरत असते. इफ्तार, मग रात्रीची तरावीहची नमाज, मग बाजारातली वर्दळ, अकरा-साडेअकराला झोप. पहाटे साडेचारला सहेरीसाठी भांड्यांचा आवाज. साडेपाच-पावणेसहाला सहेरीची वेळ संपते, फजरची नमाज होते आणि सगळे घर पुन्हा आडवे होते. शाळेची घंटा नेमकी त्या गाढ झोपेच्या तासात वाजते.

पहिला आठवडा बरा जातो. दुसऱ्या आठवड्यात बाके रिकामी दिसू लागतात. गंमत अशी की गैरहजर मुलांमध्ये रोजा ठेवणारी थोडीच असतात. रोजा वयात आल्यावर फर्ज होतो. पहिली-दुसरीच्या मुलावर त्याची सक्ती नाही. न येणारी असतात ती सात-आठ वर्षांची, जी सहेरीला हट्टाने उठतात, ताटातला घास खातात आणि अम्मीच्या कुशीत नऊपर्यंत झोपतात. त्यांना उठवायचे कोणी? अम्मी पहाटे चारपासून चुलीपाशी होती आणि तिचा स्वतःचा रोजा आहे.

काही वर्षांपूर्वी हा प्रश्नच नव्हता. चांद्रवर्ष सौर वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान, म्हणून रमजान दरवर्षी तेवढा अलीकडे सरकतो. २०१८ मध्ये तो १७ मेच्या सुमारास सुरू झाला होता, शाळांना उन्हाळ्याची सुट्टी होती. २०२२ मध्ये तो एप्रिलमध्ये आला, २०२५ मध्ये मार्चच्या सुरुवातीला, आणि आता फेब्रुवारीत शिरला आहे. पुढे जानेवारी, डिसेंबर. दिवाळीच्या सुट्टीत येणारी एखाद-दोन वर्षे सोडली तर पुढची वीसेक वर्षे रमजान शाळेच्या दिवसांतच येणार. आज पहिलीत बसलेल्या मुलाचे सगळे शालेय शिक्षण या गणितात जाणार आहे.

कायदा पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन मागतो. सहावी ते आठवीसाठी २२० दिवस आणि १००० तास. रमजानात पंधरा दिवस बुडाले, ईदच्या अलीकडे-पलीकडे पाच बुडाले, तर लहान मुलाचा वर्षाचा दहावा हिस्सा गेला. तोही वर्षाच्या शेवटचा, जेव्हा भागाकार पक्का व्हायचा असतो आणि जोडाक्षरे सुटी सुटी वाचणारे मूल सलग वाचायला लागते. वार्षिक परीक्षा लगेच पुढे उभी असते. आठवीपर्यंत नापास नाही, अशी समजूत अजून घरोघरी आहे. ती जुनी झाली. केंद्राने २०१९ मध्ये कायदा बदलला, आणि राज्याने २०२३ मध्ये पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा लागू केली. तीत आणि नंतरच्या फेरपरीक्षेत न जमले तर मूल त्याच वर्गात राहते.

मुलाला शाळेत आणायचे कसे, या प्रश्नाशी या भागातले राज्यकर्ते सव्वाशे वर्षे झगडत आले आहेत. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो संस्थानभर नेला. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड. त्या काळी एक रुपया गरिबाच्या घरात जाणवायचा. याच शाहू महाराजांनी १९०६ मध्ये कोल्हापुरात मुस्लिम मुलांच्या वसतिगृहाला आधार दिला होता, तेव्हा दंडाआधी त्यांनी राहण्या-जेवण्याची सोय पाहिली होती हे विसरायला नको. पुढे १९९२ मध्ये महाराष्ट्र सरकारने दुर्बल घटकांतील प्राथमिक शाळेतल्या मुलींसाठी उपस्थिती भत्ता सुरू केला. दिवसाला एक रुपया. पंचाहत्तर वर्षांत तोच रुपया दंडाच्या खात्यातून बक्षिसाच्या खात्यात आला, आणि वाटेत त्याची किंमत एका गोळीइतकी उरली.

२००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. मुलाला शाळेत दाखल करणे हे पालकाचे कर्तव्य, असे तो म्हणतो. पण कर्तव्य चुकले म्हणून दंड ठेवत नाही. प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढून टाकताही येत नाही. त्यामुळे मूल महिनाभर आले नाही तरी नाव पटावर राहते. पटावरचे नाव आणि वर्गातले मूल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे महाराष्ट्राने ऑक्टोबर २०११ च्या पटपडताळणीत एकदाच, पण नीट पाहिले.

दंडाच्या जागी या कायद्याने पालकाला खुर्ची दिली. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात, एकूण सदस्यांत निम्म्या महिला. अध्यक्ष पालकांमधून, मुख्याध्यापक सचिव. सभा महिन्यातून एकदा. शाळेचे काम पाहणे, आलेल्या अनुदानाचा हिशेब विचारणे आणि शाळेचा विकास आराखडा करणे हे समितीचे काम आहे. अनुदानित आणि अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांत २०१२ च्या दुरुस्तीनंतर समितीला फक्त सल्ला देता येतो. पण जिल्हा परिषदेच्या, नगरपालिकेच्या उर्दू, मराठी, हिंदी सगळ्या शाळांत तिला पूर्ण अधिकार आहे. शिक्षकांवरही याच कायद्याने एक जबाबदारी टाकली आहे: पालकांना नियमित भेटून मुलाची हजेरी, त्याची प्रगती सांगायची.

कागदावर इतके आहे. मोहल्ल्यात काय होते? सभेचे इतिवृत्त आधी लिहिले जाते आणि वही मुलाच्या हाती घरी जाते. अम्मी सही करते, कधी अंगठा. आपण कोणत्या समितीत आहोत हे तिला ठाऊक नसते. सभा झालीच तर ती भरते दुपारी बाराला. मालेगावात आणि भिवंडीत यंत्रमागावर बारा बारा तास उभा राहणारा बाप पाळी सोडून येणार नाही. पाळी सोडली तर त्या दिवसाची मजुरी गेली. मालेगावात यंत्रमागाला शुक्रवारी सुट्टी असते. सभा शुक्रवारी सकाळी नऊला ठेवली तर जुमाच्या नमाजआधी तासभर मिळतो आणि बाप येऊ शकतो. एवढी साधी गोष्ट सुचायला शाळेला मोहल्ला माहीत असावा लागतो. शिक्षक बऱ्याचदा दुसऱ्या गावाहून येऊन-जाऊन नोकरी करतात, तेव्हा ही माहिती त्यांना पालकानेच द्यायला हवी. आणि ते आयांना जास्त जमते. कोणाच्या घरी आजारी सासू आहे, कोणाची मुलगी लहान भावाला सांभाळायला घरी ठेवली आहे, कोणता मुलगा रमजानात मामाच्या फळांच्या गाड्यावर बसतो, हे हजेरीपटात कुठेच नसते. गल्लीतल्या चार बायकांना ते सगळे ठाऊक असते.

रमजान हाच मुळात वाचनाचा महिना मानला जातो. कुरआनचे अवतरण याच महिन्यात सुरू झाले आणि त्यातला पहिला आदेश वाचण्याचा होता, हे प्रत्येक मशिदीत दरवर्षी सांगितले जाते. याच महिन्यातली आणखी एक गोष्ट मात्र कमी सांगितली जाते. इसवी सन ६२४ मध्ये, १७ रमजानला बदरची लढाई झाली. मक्केचे बरेच लोक कैदी झाले. ज्यांच्याकडे सुटकेची रक्कम नव्हती पण लिहिता-वाचता येत होते, त्यांनी मदिनेतल्या मुलांना लिहायला शिकवावे आणि मोकळे व्हावे, असे ठरले. कालचे शत्रू मास्तर झाले. परंपरेत पुढे असे येते की एक मुलगा रडत घरी आला, मास्तरांनी मारले म्हणाला. बापाने ताडकन निकाल दिला: हा बदरचा सूड काढतोय, तू पुन्हा त्याच्याकडे जायचे नाही. बापाचा राग समजण्यासारखा आहे. पण मुलाच्या डोळ्यांत पाणी पाहून शाळेचा निर्णय घरच्या ओसरीवरच करायचा, ही रीत फार जुनी आहे हेही त्यातून कळते. मास्तर आणि बाप समोरासमोर बसले असते तर काय झाले असते, हे त्या गोष्टीत नाही. आजच्या समितीत तेवढेच तर करायचे असते.

हे केवळ उर्दू शाळांचे दुखणे नाही. कोकणात गणपतीच्या आठवड्यानंतरही वर्ग भरायला दिवस लागतात. मराठवाड्यातल्या ऊसतोड मजुरांची मुले दसरा-दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर कारखान्याच्या फडावर जातात आणि चार-पाच महिने गावच्या पटावर फक्त नाव राहते. त्यांच्यासाठी शिक्षण हमी कार्ड काढले गेले, म्हणजे जिथे जातील तिथल्या शाळेने त्यांना बसवून घ्यावे. गावोगावच्या जत्रा, लग्नसराई, कापूसवेचणी. प्रत्येक समाजाच्या हजेरीपटाला आपापल्या जागी एक भोक आहे. रमजानाचे भोक बुजवणे त्यातल्या त्यात सोपे, कारण मूल गावातच असते, शाळेपासून दोन गल्ल्यांवर.

लहानग्यांचा पहिला रोजा हा घरात कौतुकाचा दिवस. रोजाकुशाईला नवे कपडे, गळ्यात हार, आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो: सहा वर्षांच्या अमक्याने पहिला रोजा ठेवला. कौतुक व्हावेच. फक्त तो रोजा रविवारी ठेवला तर शाळा बुडत नाही. शाळेच्या दिवशी ठेवायचाच असेल तर मुलाने आज रोजा ठेवला आहे एवढा निरोप वर्गशिक्षकांना द्यावा, म्हणजे मैदानावर पळवताना त्यांना कळेल आणि खिचडीच्या रांगेत त्याला कोणी ओढणार नाही. घरचा निरोप शाळेत जाणे, हाही पालकाचा सहभागच. त्याला समितीची खुर्ची लागत नाही.

खरे तर रमजानाच्या वेळापत्रकाची सभा आदल्या शाबान महिन्यातच व्हायला हवी. सत्र सातला भरावे की आठला, हे आयांना विचारावे. आठ म्हटले तर बऱ्याच घरांत झोपेचा प्रश्न अर्धा सुटतो. तरावीहला मुलांना रोज न्यायचे की शनिवारी, हे अब्बांनी ठरवावे. कोणत्या गल्लीतली मुले कोणी हाक मारून आणायची, हे समितीतल्या बायका वाटून घेऊ शकतात. सहेरीला दारोदार हाक देऊन उठवण्याची प्रथा मोहल्ल्यात अजून काही ठिकाणी आहे, तेव्हा हाका मारायला लोक मिळत नाहीत असे कोणी म्हणू नये. यंदा शाबानची सभा झाली नसली तरी या महिन्याची सभा नियमाने व्हायचीच आहे. इतिवृत्ताची वही मुलाच्या हाती घरी आली तर सही करण्याआधी अम्मीने तिच्यात काय लिहिले आहे ते कोणाकडून तरी वाचून घ्यावे, आणि पुढची सभा किती वाजता आहे ते मुलाकरवी विचारून पाठवावे.