शेतजमिनीवर बॅटरी-साठवण केंद्र

सौर आणि पवन वीज गरजेच्या वेळी मिळेलच असे नसते. दुपारची जादा वीज साठवून संध्याकाळी देण्यासाठी मोठी बॅटरी-केंद्रे उभारली जातात. त्यांत मालवाहू कंटेनरसारख्या पेट्या, इन्व्हर्टर आणि ट्रान्सफॉर्मर असतात. सौर प्रकल्पापेक्षा जागा बरीच कमी लागते. जमिनीच्या सुपीकतेला इथे काडीचे महत्त्व नाही. खरी किंमत वीज उपकेंद्राच्या जवळिकीला.

जमीन सहसा विकत न घेता दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने घेतात. महाराष्ट्रात मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये सौर प्रकल्पांसाठी हेक्टरी वार्षिक किमान १,२५,००० रुपये भाडे आणि दरवर्षी ३ टक्के वाढ ठरली. साठवण केंद्राचे भाडे मात्र करारानुसार ठरते.

धोका मुख्यतः आगीचा. ऑस्ट्रेलियात जिलाँगजवळ जुलै २०२१ मध्ये अशाच केंद्राच्या चाचणीदरम्यान लागलेली आग तीन दिवसांहून अधिक काळ धुमसत होती. म्हणून पेट्यांमधील अंतर, अग्निशमनासाठी पाणी आणि बंबाला पुरेसा रस्ता पाहावा लागतो. पंख्यांचा आवाजही वस्तीला जाणवतो.

मुदत संपल्यावर बॅटऱ्या, काँक्रीट आणि केबल कोण काढणार व त्यासाठी अनामत किती, हे कलम करारात नसेल तर जमीनमालकाने सही करू नये.